नवजात विभागासाठी २१ किलोमीटर : धावण्याच्या आणि पैसे मागण्याच्या नोंदी

८ जून

१६ नोव्हेंबरला हाफ मॅरेथॉन आहे, २१.०९७५ किलोमीटर. ती धावायची आणि त्या निमित्ताने एका सार्वजनिक रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता विभागाला मदत करणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवायचे, असं ठरवलं. धावण्याच्या तयारीबद्दल ढीगभर वाचायला मिळतं. पैसे कसे मागायचे, कुठे अडतं, कशासाठी मागितले तर ते विभागाच्या खरंच कामी येतात, याबद्दल फारसं काही हाताला लागलं नाही. म्हणून या नोंदी ठेवतोय.

नोंदणी करण्याआधी संस्थेच्या समन्वयक ताईंकडून तीन गोष्टी लेखी घेतल्या. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील, माझ्या खात्यातून फिरणार नाहीत. पावती देणगीदाराच्या नावाने संस्थाच देईल. आणि ज्या कामासाठी मागितले त्याच कामाला लागतील, उरले तर कुठे वळवायचे तेही आत्ताच ठरेल. तिसरी गोष्ट लेखी मागताना मी जरा कचरलो होतो, संशय घेतोय असं वाटायचं. ताई म्हणाल्या, "सगळ्यांनीच विचारलं तर आमचंच काम हलकं होईल." दुसऱ्या दिवशी पत्र आलं.

प्रवेशाचे दोन मार्ग असतात. एक साधी नोंदणी. दुसरा चॅरिटी बिब : आयोजक संस्थांना काही जागा देतात, त्या बदल्यात धावणाऱ्याने ठरावीक किमान रक्कम जमवायची. कमी पडली तर फरक धावणाऱ्याने भरायचा, अशी अट बहुधा असते, ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका. साधी नोंदणी अजून खुली होती, तीच केली. फी पदरमोड. ती निधीच्या हिशेबात कुठेही येणार नाही.

१५ जून

निधी जमवण्याच्या संकेतस्थळावर पान उघडायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात घोडं अडलं : "तुमची कहाणी सांगा."

माझ्याकडे कहाणी नाही. घरात कुणाचं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं नाही, कुणी काचेच्या पेटीत राहिलेलं नाही. मी हिशेबाचं काम करतो, काही काळ या संस्थेच्या वह्या तपासून दिल्या, एवढीच ओळख. पण ज्याला सांगतो तो आधी आवाज खाली आणून विचारतो, "तुमच्याकडे कुणाला... ?" नाही म्हटलं की समोरच्याची थोडी निराशाच होते.

कहाणीच्या जागी आकडे भरून पाहिले. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. २०२२ साली सुमारे २३ लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दगावली. हा मजकूर तीन मित्रांना वाचायला दिला. तिघांनी वाचला, गप्प झाले, आणि 'बघतो' म्हणाले. एवढ्या मोठ्या आकड्यासमोर आपली देणगी टाकून काय होणार, हा प्रश्न त्या गप्प बसण्यात होता. मजकूर काढून टाकला. रकाना सध्या रिकामा.

२२ जून

उद्दिष्ट म्हणून एक रेडिएंट वॉर्मर, म्हणजे बाळाला वरून उष्णता देऊन ऊबेत ठेवणारं यंत्र, ठरवला. यंत्राचा फोटो टाकता येतो, किंमत ठरलेली असते, पैसे भरत गेले की पट्टी शंभराकडे सरकते. ताईंनी नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "एकदा विभागात जाऊन सिस्टरांशी बोला, मग पान उघडा."

धावणं : आठवड्यातून चार दिवस, सगळं सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने. लिहिण्यासारखं काही नाही.

२८ जून

विभाग पाहून आलो. चपला बाहेर, फोन बाहेर, कोपरापर्यंत हात धुणं, गाऊन. इन्चार्ज सिस्टरांनी ड्युटी बदलायच्या आधीचा वेळ दिला होता, त्यामुळे सगळं भराभर.

मी वॉर्मरचं म्हणालो. त्यांनी मला भिंतीकडेला सरकवून ठेवलेल्या एका वॉर्मरपाशी नेलं. "हा चांगला चालतो. प्रोब गेलाय." प्रोब म्हणजे टोकाला लहानशी चकती असलेली वायर. ती बाळाच्या त्वचेला चिकटवतात. ती तापमान सांगते आणि वॉर्मर त्याप्रमाणे उष्णता कमी-जास्त करतो. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस राहायला हवं. प्रोब नसला तर उष्णता हाताने लावायची आणि कुणीतरी सतत बघत राहायचं, नाहीतर बाळ तापायचं किंवा गार पडायचं. एका सिस्टरकडे बरीच बाळं असताना ते जमत नाही, म्हणून यंत्र भिंतीला. वायर दिवसातून कितीदा तरी काढली, पुसली, वाकवली जाते. तुटणारच. "वॉर्मर देणारे येतात. प्रोब द्यायला अजून कुणी आलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

मग सीपॅप दाखवलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडला की मिटायला बघतात, हवेचा हलका दाब देऊन ती उघडी ठेवायची. बबल सीपॅपमध्ये दाब ठरवते ती पाण्याच्या बाटलीत बुडवलेली नळी. पाच सेंटिमीटर बुडवली की पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब. मला वाटलं होतं यात मोठं गूढ यंत्र असेल. अवघड भाग दुसराच आहे : नाकात बसणारे प्राँग. त्यांचे आकार असतात. सैल बसला तर दाब गळतो, घट्ट बसला तर नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होते. हवा तो आकार शिल्लक नसेल तर सीपॅप असून नसल्यासारखं.

पल्स ऑक्सिमीटरच्या पट्ट्यांचंही तेच. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. खाली गेली तर जिवावर बेतू शकतं, फार वर राहिली तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. पायाला गुंडाळलेली पट्टी जुनी होऊन सैल झाली की यंत्रावर भलताच आकडा येतो. आणि दुधाच्या नळ्या. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून दर दोन-तीन तासांनी नळीने दूध.

पलीकडच्या खोलीत दोन आया बिनपाठीच्या स्टुलांवर, बाळ छातीशी बांधून बसल्या होत्या. कांगारू केअर. पाठ टेकायला भिंत होती, पण स्टूल भिंतीपासून लांब, कारण मधे सामान.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही वह्या तपासायचात ना? हे सगळं तुमच्याकडे 'किरकोळ साहित्य' म्हणून येत असेल."

येत होतं. त्या रकान्याची बेरीज मी दर वर्षी बरोबर जुळवायचो, आत काय आहे ते कधी विचारलं नव्हतं.

५ जुलै

वॉर्मर रद्द. उद्दिष्ट बदललं : विभागात वर्षभर संपत राहणाऱ्या वस्तू.

रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका मित्राशी बोललो. त्याने २०११ सालचा एक अभ्यास दाखवला. १६ देशांतल्या एक लाखाहून जास्त उपकरणांची यादी तपासली होती, त्यातली ३८.३ टक्के बंद निघाली. कारणं म्हणजे प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्यासारख्या सोयी धड नाहीत. "नवीन यंत्र देणं म्हणजे कधी कधी त्यांच्या अडगळीत भर," तो म्हणाला. मला हे जरा जास्तच कडू वाटलं. चांगली यंत्रंही कुणीतरी दिलेलीच असतात. पण या विभागापुरता हिशेब स्पष्ट होता.

ताई आणि सिस्टर यांच्याबरोबर बसून चार भाग केले :

प्रोब आणि ऑक्सिमीटरच्या पट्ट्या — ३० टक्के
सीपॅपचे प्राँग, नळ्या, दुधाच्या नळ्या — २५ टक्के
कांगारू केअरच्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या, बाळ बांधायचे पट्टे, आयांचा मुक्काम आणि प्रवास — ३० टक्के
आहे त्या यंत्रांचा वार्षिक देखभाल करार — १५ टक्के

तिसऱ्या भागावर मी आधी हात आखडता घेतला होता. खुर्ची आणि प्रवासखर्च याला वैद्यकीय मदत म्हणायचं का? मग वाचलं. कांगारू केअरची सुरुवात १९७८ साली बोगोटामध्ये डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी केली, आणि केली ती काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. २०२१ साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिली, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितका वेळ, कांगारू केअर द्यायला सांगते. आठ तास स्टुलावर कोण बसेल? आणि आई जर रोज दोन बस बदलून येत असेल तर आठ तास येणार कुठून? आखडलेला हात सैल केला.

'इतक्या रकमेत एक जीव वाचतो' असं एक वाक्य सगळे घालायला सांगतात. ते घातलं नाही. कुणाकडेच असा हिशेब नाही, आणि असला तर तो मला तपासायचाय.

२० जुलै

नडगी दुखतेय. दोन्ही पाय, आतल्या बाजूने. याच महिन्यात अंतर वाढवलं आणि आठवड्याचा एक दिवसही वाढवला, शिवाय शूज तळाशी झिजलेले. तिन्ही एकदम झाल्यामुळे नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही. फिजिओकडे गेलो. हाडावर एकाच बिंदूत बोट ठेवून कळ येतेय का ते त्यांनी तपासलं. तसं असतं तर हाडाला बारीक चीर असल्याची शंका आणि पूर्ण थांबणं. माझं दुखणं पट्टाभर पसरलेलं होतं. धावणं बंद, सायकल आणि पोटरीचे व्यायाम सुरू. ऑगस्टचा बराचसा भाग यात जाणार. फिजिओची फी आणि नवे शूज मिळून नोंदणीच्या कितीतरी पट खर्च, तोही पदरचा.

२ ऑगस्ट

पान उघडलं. पहिली देणगी स्वतःची टाकली, कारण शून्यावर असलेल्या पानात पहिलं पाऊल कुणी टाकत नाही. मग दुवा सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकला. शाळेचा गट, सोसायटीचा, ऑफिसचा, धावणाऱ्यांचा.

अंगठे आले. जोडलेले हात आले, फुलं आली. देणग्या अगदीच किरकोळ, आणि त्या दिल्या त्यांनीच ज्यांना मी प्रत्यक्ष बोललो होतो.

संकेतस्थळांविषयी एक सावधगिरी. पैसे भरताना 'आमच्या कामासाठी इतके टक्के' असा रकाना आधीच भरलेला असतो. तो शून्य करता येतो, पण शोधावा लागतो. एका काकांना ते कळलं नाही, नंतर ते माझ्यावरच वैतागले. आता दुव्याबरोबर तेही लिहितो. शिवाय पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं कापलं जातं, म्हणजे पानावर दिसणारा आकडा आणि संस्थेच्या खात्यात पडणारा आकडा कधीच सारखा नसतो. उद्दिष्ट ठरवताना तेवढं वर धरा. जवळच्यांना मी थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगितलं, पावती लगेच मिळते आणि काही कापलं जात नाही.

१७ ऑगस्ट

गटांवरचं आवाहन थांबवलं. आता एकेकाला वेगळा निरोप. भीड वाटते, प्रत्येक वेळी. पण गटात विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी देईल, आणि एकट्याला विचारलं की निदान उत्तर येतं. बऱ्याच खाडाखोडीनंतरचा मसुदा इथे देतो, हवा तसा वापरा :

"नमस्कार. १६ नोव्हेंबरला मी हाफ मॅरेथॉन धावतोय. त्या निमित्ताने एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नवजात विभागासाठी पैसे जमवतोय. नवीन यंत्र घ्यायचं नाहीये. तिथला एक वॉर्मर तापमानाची वायर तुटल्यामुळे पडून आहे, त्या वायरी आणि तशाच रोज लागणाऱ्या वस्तू घ्यायच्या आहेत. यादी सोबत आहे. यातली एखादी वस्तू तुम्ही घ्याल का? जमणार नसेल तर तसं सांगा, मनात काही येणार नाही. पैसे थेट संस्थेकडे जातात, पावती तीच देते."

'एखादी वस्तू घ्याल का' या प्रश्नाने फरक पडला. लोक विचारू लागले, वायर तुटते म्हणजे कशी? प्राँगचा सगळ्यात लहान आकार केवढा असतो? विचारणारा बहुधा देतोच, आणि मनात धरलेल्या रकमेपेक्षा थोडे जास्त देतो. कहाणीचा रकाना मी शेवटी याच वायरीने भरला.

'जमणार नसेल तर सांगा' हे वाक्य काढू नका. नाही म्हणायची वाट मोकळी असली की लोक टाळाटाळ करत नाहीत आणि आपल्यालाही दहादा आठवण करावी लागत नाही.

३१ ऑगस्ट

पुन्हा धावायला लागलो. एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, तिथून. हाफ वेळेत पूर्ण होईल, पण डोक्यात धरलेली वेळ आता विसरायची.

कंपनीकडे चौकशी केली. कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेत कंपनीही भर घालते, अशी योजना आमच्याकडे निघाली, कुणालाच धड माहीत नव्हती. कागद मात्र बरेच : संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, कामाचा तपशील. मंजुरीला वेळ लागतो. हे काम मी ऑगस्टमध्ये केलं, करायला हवं होतं जूनमध्ये. तुमच्याकडे अशी योजना असेल तर शूज घ्यायच्या आधी तिचा अर्ज भरा. परदेशातल्या मित्रांकडून पैसे घ्यायचे असतील तर संस्थेला तशी परवानगी आहे का तेही आधीच विचारा. आमच्या संस्थेला नव्हती, म्हणून दोघांना नम्रपणे नाही कळवलं.

१४ सप्टेंबर

सगळ्यात मोठा देणगीदार आणि सगळ्यात मोठा पेच एकाच माणसात.

एका ओळखीच्या उद्योजकांना यंत्रच द्यायचं होतं, आईच्या नावाची पाटी लावून. वायरी आणि नळ्या म्हटल्यावर चेहरा पडला. "असल्या वस्तूंवर नाव कुठे लावणार?" प्रश्न रास्त होता. माणसाला आपल्या आईचं नाव कुठेतरी दिसावं असं वाटतं, यात हसण्यासारखं काही नाही. मी वाद घातला नाही, त्यांना विभागात नेलं. भिंतीकडेचा वॉर्मर सिस्टरांनीच दाखवला. शेवटी त्यांनी देखभाल कराराचा अख्खा वाटा उचलला आणि कांगारू केअरच्या खोलीबाहेर पाटी लावायचं ठरलं. करारात दर तिमाही तपासणी, प्रोबसह सुटे भाग आणि नव्या सिस्टरांना प्रशिक्षण, हे तिन्ही लिहून घेतलं. सुटे भाग वगळून करार स्वस्त पडतो, पण मग वायर तुटली की पुन्हा आपणच.

२८ सप्टेंबर

पोस्टर. ऑफिसातल्या एकाने हौसेने करून दिलं : एका बाजूला इवलंसं बाळ, दुसऱ्या बाजूला मी घामाघूम, मधे 'दोघांची झुंज'. नाही वापरलं. मी हौसेने धावतोय, वाटलं तर रिक्षा पकडून घरी येऊ शकतो. बाळाचा फोटोही संकेतस्थळावरून उचललेला होता. विभागातल्या बाळांचे फोटो घ्यायचे नाहीत, आईवडिलांनी परवानगी दिली तरी नाहीत, असा संस्थेचा नियम आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला माणूस मदत करणाऱ्यांना नाही म्हणेल कसा, हे ताईंचं कारण मला पटलं.

त्याऐवजी मोज्यांची दोरी. १७ नोव्हेंबरला जगभर वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा दिवस पाळतात. त्याचा रंग जांभळा, आणि एक खूण अशी की दोरीवर नेहमीच्या बाळांच्या मोज्यांच्या नऊ जोड्या आणि एक अगदी छोटी जांभळी जोडी. दहातलं एक. १ कोटी ३४ लाखांनी जे झालं नव्हतं ते या दोरीच्या फोटोने झालं. लोक मोजतात, मग विचारतात.

आणखी एक. बाळांच्या पावडरच्या दुधाशी संबंधित एका कंपनीकडून टी-शर्ट आणि बरीच मोठी रक्कम देऊ करणारा फोन आला. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. ताईंनी एका वाक्यात नकार दिला. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातीबद्दल १९८१ सालची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. आईचं दूध ज्या बाळांना सगळ्यात जास्त लागतं, त्यांच्यासाठी धावताना अशा कंपनीचं नाव छातीवर मिरवायचं नाही. प्रायोजक शोधणार असाल तर संस्थेला आधी विचारा, हो म्हणून बसू नका.

१२ ऑक्टोबर

१८ किलोमीटर झाले. पाय ठीक. काखेत आणि मांड्यांना घासून सालटी निघाली, पेट्रोलियम जेली लावली असती तर वाचलं असतं. शर्यतीच्या दिवशी काहीही नवं घालायचं-खायचं नाही म्हणतात, ते आजच्या सालट्यांनी पटवलं.

२६ ऑक्टोबर

पैसे थांबलेत. ओळखीचे संपले. साधारण ६० टक्क्यांवर अडकलो आहे, कंपनीची भर अजून यायची आहे.

काय केलं : यादीतल्या वस्तू किलोमीटरांवर वाटल्या. पहिले सहा किलोमीटर प्रोब आणि पट्ट्या, पुढचे पाच प्राँग आणि नळ्या, नंतरचे सहा खुर्च्या आणि आयांचा प्रवास, राहिलेले देखभाल. भरलेले किलोमीटर जांभळे, रिकामे पांढरे, असा तक्ता ज्यांनी आधीच दिले होते त्यांना पाठवला. पुन्हा पैसे मागितले नाहीत, एवढंच म्हटलं की तुमच्या ओळखीत कुणी असेल तर पुढे द्या. माझ्यापेक्षा त्यांनी मागणं सोपं गेलं. चौदावा किलोमीटर माझ्या अजिबात ओळखीच्या नसलेल्या एका पुस्तक मंडळाने घेतला.

९ नोव्हेंबर

अंतर कमी केलं, झोप वाढवली. ज्यांनी 'नंतर देतो' म्हटलं होतं त्यांना एकदाच आठवण दिली. कंपनीची मंजुरी आली.

१६ नोव्हेंबर

धावलो. दोन तास वीस मिनिटांच्या आतबाहेर. पंधराव्या किलोमीटरपर्यंत मजेत, सतराव्यानंतर नडगीने हजेरी लावली, शेवटचे दोन चालत-धावत. पाण्याच्या टेबलांवर गर्दी, बाकी व्यवस्था चांगली.

महत्त्वाचं काम संध्याकाळी होतं. पाय वर टाकून, ज्यांनी दिले त्यांना आभार आणि ज्यांनी अजून दिले नव्हते त्यांना 'पूर्ण केली, तीन किलोमीटर अजून पांढरे आहेत' एवढा निरोप. शर्यतीच्या आधी न देणारे बरेच जण संपल्यावर देतात. पान लगेच बंद करू नका, दोन आठवडे तरी उघडं ठेवा.

३० नोव्हेंबर

पान बंद केलं. उद्दिष्टाच्या १०८ टक्के. त्यात कंपनीची भर सुमारे पाव, देखभालीचा वाटा उचलणारे उद्योजक १५ टक्के, बाकी सगळ्या लहान देणग्या. संकेतस्थळावरून आलेल्या रकमेतून शुल्क कापून गेलं, थेट खात्यात आलेल्यातून काही नाही. गटांवरच्या आवाहनाचा वाटा एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून कमी.

माझा स्वतःचा खर्च (नोंदणी, शूज, फिजिओ) जमलेल्या रकमेच्या सुमारे सहा टक्के. कुणी विचारतं, तेवढेच सरळ देऊन का नाही टाकले? देता आले असते.

जास्तीचे ८ टक्के जूनच्या पत्राप्रमाणे आयांच्या प्रवासाला गेले. ते पत्र होतं म्हणून हे एका फोनवर मिटलं.

२० डिसेंबर

खरेदीचा पहिला हप्ता आला. प्रोब आले, पण त्यांची पिन दोन वॉर्मरना बसेना : मॉडेल वेगळं. पुरवठादाराने बदलून दिले, त्यात बरेच दिवस गेले. प्राँगच्या खोक्यात सगळे एकाच आकाराचे निघाले, तेही परत. ऑर्डरवर यंत्राचं मॉडेल, पिनचा प्रकार आणि प्रत्येक आकाराची संख्या सिस्टरांकडून लिहून घ्या, 'नवजात' एवढ्या शब्दावर कुणी काहीही पाठवतं.

सगळा माल एकदम घेतला नाही. काही वस्तूंना वापराची मुदत असते आणि विभागात ठेवायला जागा नसते, म्हणून तीन हप्ते. दुसरा मार्चमध्ये, तिसरा जूनमध्ये. दर हप्त्याची बिलं देणगीदारांना पाठवायची असं ठरलंय. पहिली गेली. दोघांनी उलट विचारलंय की दुसऱ्या हप्त्यात आणखी काही लागणार आहे का. सिस्टरांकडे यादी मागितली आहे, शुक्रवारी देते म्हणाल्यात.